दोन सेकंद उरले असताना : चावेझ–टेलर लढतीचं प्रकरण

१७ मार्च १९९० च्या रात्री लास वेगासच्या हिल्टन हॉटेलात हुलिओ सेसार चावेझ आणि मेल्ड्रिक टेलर या मुष्टियोद्ध्यांची लढत बाराव्या म्हणजे शेवटच्या फेरीत २ मिनिटं ५८ सेकंदांवर थांबवण्यात आली. फेरी तीन मिनिटांची असते. तीनपैकी दोन जजच्या कागदावर टेलर इतका पुढे होता की घंटा वाजली असती तर विश्वविजेता तोच ठरला असता. रेफरी रिचर्ड स्टील यांनी हात हलवून लढत संपवली आणि तांत्रिक नॉकआउटनं चावेझ जिंकला.

तेव्हापासून मुष्टियुद्धाच्या चाहत्यांमध्ये एकच वाद चालू आहे : स्टील यांनी थांबवायला हवं होतं की नको? दोन्ही बाजूंचे लोक ती शेवटची वीस-पंचवीस सेकंदं पुन्हा पुन्हा पाहतात. मला वाटतं, उत्तर त्या सेकंदांत शोधणंच चुकतं. त्या रात्री रिंगणात दोन हिशेब चालू होते. एक जजच्या कागदावर लिहिला जात होता, दुसरा टेलरच्या शरीरात साचत होता. अकरा फेऱ्या हे हिशेब एकमेकांच्या उलट दिशेनं गेले, आणि बाराव्या फेरीत एका माणसाला दोन्हींचा निकाल एका क्षणात लावावा लागला.

दोघे कुठून आले

चावेझचा जन्म १२ जुलै १९६२ चा, मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या सिउदाद ओब्रेगोनचा. पण तो वाढला सिनालोआ राज्यातल्या कुलियाकानमध्ये. वडील रेल्वेत कामाला, घरात दहा भावंडं, आणि घर म्हणजे रेल्वेनं टाकून दिलेला डबा. आई लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून देत असे. तिला एक दिवस स्वतःचं घर घेऊन देईन असं आपण कबूल केलं होतं, हे चावेझनं पुढे स्वतःच सांगितलं आहे. वयाच्या सतराव्या वर्षी, फेब्रुवारी १९८० मध्ये, तो कुलियाकानमध्येच व्यावसायिक म्हणून उतरला.

त्याच्या सुरुवातीच्या काळातली एक नोंद या प्रकरणात महत्त्वाची आहे. मार्च १९८१ मध्ये कुलियाकानला मिगेल रुईसविरुद्धच्या लढतीत घंटेनंतर ठोसा मारल्याबद्दल चावेझला बाद ठरवण्यात आलं. दुसऱ्याच दिवशी स्थानिक आयोगानं निकाल फिरवून त्याला विजयी घोषित केलं. चावेझचा व्यवस्थापक रामोन फेलिक्स त्या आयोगावर होता. म्हणजे १९९० मध्ये जगभर गाजत असलेली त्याची अपराजित कारकीर्द घंटा आणि ठोसा यांच्यातल्या एका क्षणाच्या निर्णयावर आधीच एकदा तरली होती. चावेझ माझा आवडता मुष्टियोद्धा आहे, तरी हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला पटत नाही.

त्यानंतरची चढण मात्र निर्विवाद आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिक ऑडिटोरियममध्ये मारिओ मार्तिनेसला आठव्या फेरीत थांबवून त्यानं डब्ल्यूबीसी या जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचा सुपर फेदरवेट वजनगटाचा किताब घेतला. नोव्हेंबर १९८७ मध्ये पोर्तो रिकोच्या एडविन रोसारिओला अकराव्या फेरीत संपवून तो लाइटवेटमध्येही जगज्जेता झाला. ज्यांना चावेझ काय चीज होता हे एका लढतीत पाहायचं आहे त्यांनी ही पाहावी. मे १९८९ मध्ये रॉजर मेवेदरनं दहाव्या फेरीनंतर माघार घेतली आणि तिसऱ्या वजनगटातला किताबही त्याच्याकडे आला. टेलरसमोर उभा राहिला तेव्हा साठहून अधिक लढतींत त्याची एकही हार नव्हती. डोक्याला लाल पट्टी, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही, आणि डाव्या हाताचा यकृतावर जाणारा हुक. मेक्सिकन मुष्टियोद्ध्यांचा हा ठेवणीतला ठोसा. तो बसला की माणूस लगेच पडत नाही. क्षणभर उभा राहतो आणि मग पाय साथ सोडतात.

टेलर फिलाडेल्फियाचा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अवघ्या सतराव्या वर्षी त्यानं फेदरवेटचं सुवर्णपदक जिंकलं. सप्टेंबर १९८८ मध्ये बडी मॅकगर्टला बाराव्या फेरीत थांबवून तो आयबीएफ या दुसऱ्या संघटनेचा लाइट वेल्टरवेट विजेता झाला. चावेझसमोर आला तेव्हा वय २३, २४ विजय आणि एक बरोबरी. हातांचा वेग असा की त्या काळात त्याच्या वजनगटात जोड नव्हती. पण फिलाडेल्फियाच्या जिममध्ये सरावाच्या वेळीही माघार घेणं कमीपणाचं मानलं जाई, आणि तो स्वभाव टेलरमध्ये पुरेपूर उतरला होता. समोरचा उभा राहून मारतोय तर आपणही उभं राहून मारायचं. त्याचे प्रशिक्षक जॉर्ज बेंटन स्वतः त्याच शहरातले जुने मुष्टियोद्धे होते. कॉर्नरचे, म्हणजे फेऱ्यांच्या मध्ये मुष्टियोद्ध्याला सांभाळणाऱ्या चमूचे, प्रमुख होते लू ड्युवा.

कागदावरचा हिशेब

व्यावसायिक मुष्टियुद्धात फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९ गुण मिळतात. एखादी फेरी काठावर जिंकली काय आणि स्पष्ट वर्चस्वानं जिंकली काय, कोणी खाली पडलं नाही तर फरक सहसा एकाच गुणाचा. पाचव्या फेरीत गालाचं हाड दुखावलं, तर त्याची वेगळी नोंद कुठेही होत नाही. सहावी फेरी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

ही पद्धत टेलरसाठी जणू बेतलेलीच होती. तो बहुतेक फेऱ्यांत चावेझपेक्षा जास्त ठोसे मारत होता, आधी मारत होता, एका जागी तीन-चार ठोशांची लड सोडून बाजूला होत होता. चावेझ कमी मारत होता, पण त्याचा प्रत्येक ठोसा जड होता आणि टेलरच्या तोंडावर, डोळ्यांभोवती, बरगड्यांखाली बसत होता. सातव्या-आठव्या फेरीपर्यंत टेलरचा चेहरा सुजून ओळखू येईना. तोंडातून रक्त येत होतं आणि त्यातलं बरंचसं तो गिळत होता. तरी फेरी संपली की जज त्याच्या नावापुढे १० लिहीत.

अकरा फेऱ्यांनंतरचे कागद असे होते : डेव्ह मोरेटी यांच्याकडे टेलर १०८–१०१ नं पुढे, जेरी रॉथ यांच्याकडे टेलर १०७–१०२ नं पुढे, आणि चक जियाम्पा यांच्याकडे चावेझ १०५–१०४ नं पुढे. रिंगणाच्या तीन बाजूंना बसलेल्या तीन अनुभवी माणसांनी एकच लढत पाहिली आणि त्यांच्यातल्या दोन टोकांत आठ गुणांचं अंतर पडलं. मोरेटी यांच्या मते टेलरनं नऊ फेऱ्या जिंकल्या होत्या, जियाम्पा यांच्या मते पाच. या तफावतीवर फारसं कोणी बोलत नाही. मला ती प्रकरणाच्या मुळाशी वाटते. जियाम्पा बहुधा ठोशांचं वजन बघत होते, बाकीचे दोघं संख्या आणि सफाई बघत होते, आणि नियम दोघांनाही चूक म्हणत नव्हता.

आपल्याकडे कुस्तीत ही गोष्ट लहान मुलालाही कळते. गुणांवर पुढे असलेला मल्ल शेवटच्या क्षणी चीतपट झाला की गुण पुसले जातात. पण कुस्तीत पाठ जमिनीला लागली हे सगळ्या मैदानाला दिसतं. मुष्टियुद्धात उठून उभा राहिलेला माणूस लढू शकतो की नाही, हे त्याच्या डोळ्यांत बघून एकाच माणसाला ठरवावं लागतं.

कॉर्नरचं गणित

बाराव्या फेरीआधी ड्युवांनी टेलरला सांगितलं की ही फेरी तुला जिंकावीच लागेल. माझ्या मते त्या रात्रीची सगळ्यात महागडी चूक ही होती, स्टील यांचा निर्णय नव्हे.

आकडे बघू. रॉथ यांच्याकडे टेलर पाच गुणांनी पुढे, मोरेटी यांच्याकडे सात. टेलरनं शेवटची फेरी हरली असती तरी तो दोन कागदांवर जिंकला असता. फेरीत एकदा खाली पडून १०–८ नं हरला असता तरी जिंकला असता. दोनदा खाली पडला असता आणि फेरी १०–७ अशी गेली असती, तरी रॉथ यांचा कागद ११४–११२ आणि मोरेटी यांचा ११५–१११ असा टेलरच्याच बाजूनं राहिला असता. त्याला फक्त तीन मिनिटं उभं राहायचं होतं. रिंगणाला फेऱ्या माराव्यात, मिठी मारून वेळ काढावा, दोरांवर झुकून राहावं, काहीही चाललं असतं.

ड्युवांना हे आकडे माहीत नव्हते, कारण लढत संपेपर्यंत कागद कोणाला दाखवत नाहीत. परक्या जजवर भरवसा न ठेवणं हे अनुभवी कॉर्नरचं लक्षणच मानलं जातं, तेव्हा त्यांची भीती मी समजू शकतो. पण आकडे माहीत नसले तरी समोर बसलेल्या मुलाचा चेहरा त्यांना दिसत होता. आठव्या फेरीनंतर टेलरचे पाय जड झालेले दिसतात. त्याला पुन्हा देवाणघेवाणीत पाठवणं म्हणजे चावेझला हवं तेच देणं होतं. चावेझच्या कॉर्नरलाही आकडे माहीत नव्हते, मात्र नॉकआउटशिवाय गत्यंतर नाही हे त्यांना कळत होतं. एका कोपऱ्याला आपली गरज नेमकी उमगली, दुसऱ्याला नाही.

टेलर पुढे गेला आणि मारत राहिला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात चावेझनं त्याला एका कोपऱ्यात गाठलं, उजव्या हातानं हलवलं आणि मग उजव्याच हातानं खाली पाडलं. स्टील यांनी मोजायला सुरुवात केली. टेलर दोर धरून उठला. आठपर्यंतची सक्तीची मोजणी पूर्ण करून स्टील यांनी विचारलं, ठीक आहेस का? उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. टेलरची नजर उजवीकडे वळली, कारण तिथे ड्युवा रिंगणाच्या कडेवर चढून ओरडत होते. फेरी चालू असताना कॉर्नरच्या माणसानं असं वर यायचं नसतं. टेलरनं रेफरीकडे बघायचं त्या क्षणी तो आपल्या माणसाकडे बघत होता. दहा सेकंद उरल्याची खूण म्हणून लावलेला लाल दिवा लागलेला होता. स्टील यांनी हात हलवले.

रेफरीच्या जागी

टीव्हीवरच्या मुलाखतीत स्टील यांनी सांगितलं की मी वेळ मोजणारा नाही, पुरे झालेला माणूस दिसला की मी लढत थांबवतो. त्यांचे विरोधक म्हणतात की हे उत्तर अर्धवट आहे. चावेझ दूर होता, स्टील यांनी पुन्हा सुरू करा म्हटलं असतं तर त्याला टेलरपर्यंत पोहोचायलाच दोन सेकंद लागली असती. आणखी एकही ठोसा बसण्याची शक्यता नव्हती. मग टेलरचं रक्षण नेमकं कशापासून केलं?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. व्यवहारात तो बरोबर आहे. पण तो मान्य केला तर रेफरीनं घड्याळ बघून वैद्यकीय निर्णय घ्यावा असं म्हणावं लागेल : तीस सेकंद उरले असतील तर हा माणूस लढायला अयोग्य, दोन उरले असतील तर योग्य. मग दहा उरले असतील तर? रेषा कुठे ओढायची? टेलर दोनदा विचारूनही उत्तर देऊ शकला नाही. तो लढण्याच्या स्थितीत नव्हता हे तेव्हाही खरं होतं आणि घड्याळ काहीही दाखवत असतं तरी खरं राहिलं असतं. म्हणून मी स्टील यांच्या बाजूनं आहे, आणि टेलरबद्दल वाईट वाटत असूनही आहे.

त्या निर्णयामागे लास वेगासची एक ताजी जखमही होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये याच शहरात रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत पडलेला दक्षिण कोरियाचा किम दुक-कू काही दिवसांत मरण पावला. त्यानंतरच डब्ल्यूबीसीनं किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडातल्या कुठल्याही रेफरीला हे विसरणं शक्य नव्हतं.

लढतीनंतर टेलरला रुग्णालयात नेलं. चेहऱ्याचं हाड मोडलं होतं, बरंच रक्त पोटात गेलं होतं, शरीरातलं पाणी आटलं होतं. एका जजच्या कागदावर सात गुणांनी पुढे असलेल्या माणसाची ही स्थिती होती. चावेझ त्या रात्री आपल्या पायांनी चालत गेला.

निकाल बदलला नाही. स्टील यांना पुढे बराच काळ लास वेगासच्या प्रेक्षकांनी नाव पुकारताच हुर्यो केली. 'द रिंग' मासिकानं ही १९९० ची सर्वोत्तम लढत ठरवली आणि पुढे त्या दशकाचीही. २०१४ मध्ये स्टील आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये गेले.

नंतर

टेलर जानेवारी १९९१ मध्ये वेल्टरवेटमध्ये डब्ल्यूबीए या आणखी एका संघटनेचा विजेता झाला, म्हणजे चावेझनं त्याला एका रात्रीत संपवलं हे म्हणणं अतिशयोक्तीचं आहे. पण १९९२ मध्ये टेरी नॉरिसनं त्याला चौथ्या फेरीत थांबवलं, त्याच वर्षी क्रिसांतो एस्पान्यानं किताब घेतला, आणि सप्टेंबर १९९४ मध्ये चावेझशी पुन्हा गाठ पडली तेव्हा लढत आठव्या फेरीतच संपली. तो २००२ पर्यंत लढत राहिला. त्याला कोणीतरी आधी थांबवायला हवं होतं. २००३ च्या एका दूरचित्रवाणी माहितीपटात तो बोलताना दिसला तेव्हा त्याचे शब्द अडखळत होते आणि पाहणाऱ्यांना धक्का बसला.

चावेझसाठी पुढची तीन वर्षं वैभवाची होती. २० फेब्रुवारी १९९३ रोजी मेक्सिको सिटीच्या अस्तेका स्टेडियममध्ये ग्रेग हॉगनविरुद्ध १,३२,००० हून अधिक प्रेक्षक आले. चावेझनं तिहुआनाच्या टॅक्सीवाल्यांना हरवून आपल्या विजयांचा आकडा फुगवलाय, असं हॉगन आधी म्हणाला होता. चावेझनं त्याला पाचव्या फेरीत थांबवलं. त्याच सप्टेंबरमध्ये सॅन अँटोनिओला पर्नेल व्हिटकरशी बरोबरी झाली. दोन जजनी ११५–११५ दिले, एकानं व्हिटकरला पुढे ठेवलं, आणि बहुतेक पाहणाऱ्यांच्या मते व्हिटकर जिंकला होता. मलाही तसंच वाटतं. व्हिटकर हा टेलरचा ऑलिम्पिकमधला सहकारी, कॉर्नरला तेच ड्युवा आणि बेंटन. या वेळी कागदांनी त्यांच्या माणसाचं नुकसान केलं, पण तो घरी धडधाकट गेला.

जानेवारी १९९४ मध्ये फ्रँकी रँडलनं चावेझला कारकिर्दीत प्रथमच खाली पाडलं आणि विभागून दिलेल्या निर्णयात हरवलं. कमरेखाली मारल्याबद्दल रेफरीनं चावेझचे दोन गुण कापले होते आणि ते कापले नसते तर निकाल चावेझच्या बाजूनं गेला असता. रेफरी होते रिचर्ड स्टील. चावेझनं हरण्याचा दोष त्यांनाच दिला. चार वर्षांपूर्वी ज्यांना चावेझचा तारणहार म्हणून शिव्या बसल्या, त्यांनीच त्याला त्याची पहिली हार दिली. मला यात स्टील यांच्या प्रामाणिकपणाचा सगळ्यात मोठा पुरावा दिसतो.

१९९६ मध्ये ऑस्कर दे ला होयानं त्याला चौथ्या फेरीत रक्तबंबाळ केलं, १९९८ मध्ये पुन्हा हरवलं. २००५ मध्ये तो थांबला तेव्हा १०७ विजय, ६ पराभव, २ बरोबरी अशी नोंद होती. किताबाच्या ३७ लढतींचा त्याचा विक्रम आहे. २०११ मध्ये माइक टायसनबरोबर त्याचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, आणि त्याच वर्षी मुलगा हुलिओ सेसार धाकटा डब्ल्यूबीसीचा मिडलवेट विजेता बनला. मधल्या काळात दारू आणि कोकेननं त्याला पोखरलं होतं. त्यातून सावरल्यावर त्यानं व्यसनमुक्ती केंद्रं काढली आणि आपल्या व्यसनाबद्दल तो उघडपणे बोलतो. कुलियाकानच्या रेल्वे डब्यातल्या त्या मुलाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या कामासाठी.

आता नियमांविषयी. डब्ल्यूबीसीनं पुढे काही लढतींत चौथ्या आणि आठव्या फेरीनंतर गुण जाहीर करण्याची पद्धत आणली. ती सर्वत्र रुजली नाही. पुढे असलेला मुष्टियोद्धा शेवटच्या फेऱ्यांत पळत राहतो आणि लढतीतला जीव जातो, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. आक्षेप खरा आहे. १९९० मध्ये ही पद्धत असती तर आठव्या फेरीनंतर बेंटन आणि ड्युवांना आपण किती पुढे आहोत हे कळलं असतं, टेलरला पळायला सांगता आलं असतं, आणि त्या दशकातली सर्वोत्तम लढत कदाचित कंटाळवाण्या शेवटानं संपली असती. चावेझच्या नावावर जवळजवळ चार वर्षं आधीच एक हार लागली असती आणि अस्तेकाची ती गर्दी जमली असती की नाही कोण जाणे. टेलरच्या त्या माहितीपटातल्या आवाजाच्या बदल्यात मला ही किंमत चालली असती.